इकोच्या अहवालातला आकडा एकटा वाचू नये

विज्ञानवार्तांमध्ये हृदयाची झडप येते ती बहुधा दोन प्रसंगी. एखादी नवी देशी झडप तयार झाली म्हणून, किंवा एखादी अवघड शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणून. छायाचित्र छापले जाते, अभिनंदन होते, रुग्ण घरी जातो आणि बातमी संपते. वास्तविक कृत्रिम झडपेचे आयुष्य तेथून सुरू होते. मिनिटाला ७२ ठोके धरले, तरी ती झडप दिवसात एक लाखाहून अधिक वेळा आणि वर्षात सुमारे ३ कोटी ७८ लाख वेळा उघडमीट करते. ती नीट चालली आहे की नाही हे कळण्याचे मुख्य साधन म्हणजे हृदयाचे श्राव्यातीत चित्रण, लोकांच्या तोंडी रुळलेल्या शब्दात ‘इको’. या इकोच्या अहवालात जे आकडे येतात, त्यांचा अर्थ लावण्याकडे विज्ञानप्रेमी समाजाने आणि आरोग्यव्यवस्थेनेही पुरेसे लक्ष दिलेले नाही, हे येथे मांडायचे आहे.

वाराणसीचे उदाहरण घेऊ. काशी हिंदू विश्वविद्यालयाचे सर सुंदरलाल रुग्णालय हे त्या विश्वविद्यालयाच्या पहिल्या कुलगुरूंच्या नावाने ओळखले जाते. पूर्व उत्तर प्रदेशातूनच नव्हे, तर पश्चिम बिहार, झारखंड आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवरील जिल्ह्यांतूनही रुग्ण तेथे येतात. गाझीपूर, बलिया, सासाराम, सोनभद्र, सिंगरौली अशा ठिकाणांहून रेल्वेने किंवा भाड्याच्या जीपगाडीने आलेली ही माणसे उपचार झाले की परत जातात. झडप बसवण्याची शस्त्रक्रिया कोणाची वाराणसीत होते, कोणाची लखनौला, कोणाची दिल्लीला. पुढचा इको मात्र गावाजवळच्या शहरात, दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या हातांनी होतो. झडपेची मोजमापे ज्या गोष्टीवर अवलंबून असतात ती गोष्ट या प्रवासात हरवते. ती म्हणजे त्या रुग्णाचे स्वतःचे पहिले मोजमाप.

या रुग्णांमध्ये तरुण पुष्कळ असतात, आणि त्याचे कारण संधिवाताचा ज्वर हे आहे. लहानपणी स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे घसा सुजतो, त्यावर वेळीच पेनिसिलिन मिळत नाही, शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंबरोबर स्वतःच्या हृदयावरही उलटते, आणि काही वर्षांत मायट्रल झडप जाड, ताठ व अरुंद होत जाते. संपन्न देशांत हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. दाटीच्या वस्त्या आणि अपुरी प्राथमिक आरोग्यसेवा यांच्या जोरावर तो आपल्याकडे टिकून आहे. त्यामुळे पाश्चात्त्य देशांत झडप बदलावी लागते ती बहुधा वृद्धाची. येथे पंचविशीतल्या स्त्रीचीही बदलावी लागते. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेली झडप तरुण शरीरात लवकर झिजते, म्हणून अशा रुग्णांत धातू व कार्बनच्या किंवा तत्सम यांत्रिक झडपा बसवण्याकडे कल असतो. ती झडप टिकते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये यासाठी रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात.

भारतात हे शक्य झाले त्यात डॉ. मार्तंड वर्मा शंकरन वलियाथन यांचा वाटा मोठा आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत त्यांच्या नेतृत्वाखाली शल्यविशारद आणि अभियंते यांनी तिरकी होणारी एकच तबकडी असलेली झडप घडवली. पहिली तीन प्रारूपे चाचण्यांत टाकून द्यावी लागली; चौथे टिकले. कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचा सांगाडा, अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची तबकडी आणि शिवणीसाठी पॉलिएस्टरची कड अशी तिची रचना. डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम माणसाच्या हृदयात बसवली गेली, आणि आतापर्यंत एक लाखाहून अधिक रुग्णांना ती मिळाली आहे. उत्तरायुष्यात वलियाथन यांनी चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या ग्रंथांचा अभ्यास केला. त्यांतील सुश्रुताची परंपरा काशीच्या दिवोदास धन्वंतरीशी जोडली जाते. १७ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा देशी झडपेची कथा पुन्हा एकदा सर्वत्र सांगितली गेली. ती सांगितली जावी अशीच आहे. परंतु बसवलेल्या झडपेवर पुढे वर्षानुवर्षे नजर कशी ठेवायची, हा त्याच कथेचा उत्तरार्ध आहे, आणि तो क्वचितच कोणी सांगतो.

इको नेमके काय मोजतो, हे आधी पाहिले पाहिजे. १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हे हृदयवैद्य आणि हेलमुथ हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी, जहाजाच्या पोलादातील भेगा शोधण्यासाठी गोदीत वापरले जाणारे श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र हृदयाकडे वळवले. तेव्हापासून हृदयाच्या भिंती आणि झडपा हलताना दिसू लागल्या. पुढे त्यात डॉप्लर तत्त्वाची भर पडली. धावत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनीची वारंवारता बदलते, आणि त्या बदलावरून रक्ताचा वेग कळतो. येथे एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. डॉप्लर पद्धतीत यंत्र मोजते तो फक्त वेग. झडपेच्या दोन बाजूंमधला दाबफरक यंत्राने मोजलेला नसतो. तो वेगावरून काढलेला असतो.

तो काढण्याचे सूत्र डॅनियल बर्नूली यांच्या १७३८ च्या ग्रंथातील विचारावर उभे आहे. बर्नूली हे गणिती म्हणून ओळखले जातात, पण त्यांचे शिक्षण वैद्यकाचे होते आणि त्यांचा प्रबंध श्वसनावर होता. अरुंद वाटेतून द्रव जाताना त्याचा वेग वाढतो आणि त्या वाढीची किंमत दाबातून वसूल होते. दाबफरक म्हणजे घनतेचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग. रक्ताची घनता घनमीटरला सुमारे १०६० किलोग्रॅम, निम्मी ५३०, आणि पाऱ्याचा एक मिलिमीटर म्हणजे सुमारे १३३ पास्कल. भागाकार केला की ३.९८ येतात. म्हणून जगभरच्या इको कक्षांत एक सोपा नियम चालतो. मीटर प्रति सेकंदातल्या वेगाचा वर्ग करून त्याला ४ ने गुणायचे, की पाऱ्याच्या मिलिमीटरमधला दाबफरक मिळतो. वेग २ असेल तर दाबफरक १६, ३ असेल तर ३६, ४ असेल तर ६४.

सूत्र इतके सोपे झाले ते काही गोष्टी सोडून दिल्यामुळे. रक्ताची श्यानता सोडली. प्रवाह सुरू होतानाचा त्वरणाचा भाग सोडला. आणि झडपेपर्यंत पोचण्याआधीच रक्ताला असलेला वेगही सोडला. बहुतेक वेळा हे चालते. पण महाधमनीच्या झडपेआधीच रक्त सेकंदाला १.५ मीटर वेगाने येत असेल आणि झडपेतून ३ मीटरने जात असेल, तर ३६ मधून ९ वजा करावे लागतात. खरा दाबफरक २७ असतो, आणि अहवालात मात्र ३६ छापले जाते. याउलट चूकही होते. ध्वनीचा किरण आणि रक्ताची धार यांत ३० अंशांचा कोन राहिला, तर वेग सुमारे १३ टक्क्यांनी कमी मोजला जातो. वर्गामुळे दाबफरक २५ टक्क्यांनी कमी दिसतो. म्हणजे एकाच झडपेबद्दल दोन प्रामाणिक तंत्रज्ञ दोन भिन्न आकडे देऊ शकतात. येथे कोणाच्या हलगर्जीचा प्रश्न नाही. मोजमापाचा हा स्वभावच आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट आहे ती प्रवाहाची. ती समजण्यासाठी काशीचा घाट पुरेसा आहे. ज्येष्ठात दशाश्वमेधासमोर गंगा संथ असते. श्रावणभाद्रपदात त्याच पात्रातून ती असा वेग घेते, की नावा बांधून ठेवाव्या लागतात. पाण्याचा वेग वाढला म्हणून राजघाटाच्या पुलाखालची वाट कोणी अरुंद केली असे कोणी म्हणत नाही, कारण वरून पाणीच जास्त आले आहे हे सर्वांना दिसत असते. हृदयात मात्र वरून किती पाणी आले ते डोळ्यांना दिसत नाही. अहवालात फक्त पुलाखालचा वेग असतो. रक्तक्षय, ताप, गर्भारपण, थायरॉइडचा अतिरेक या सर्व अवस्थांत हृदयातून जाणारे रक्त वाढते. प्रवाह १.४ पट झाला की वर्गाच्या नियमाने दाबफरक जवळजवळ दुप्पट होतो, आणि झडपेत तर कणभरही बदल झालेला नसतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, मायट्रल जागी यांत्रिक झडप बसवलेल्या दोन स्त्रिया एकाच दिवशी इकोसाठी आल्या. दोघींच्या अहवालात सरासरी दाबफरक ८ मिलिमीटर आला. मायट्रल जागच्या यांत्रिक झडपेत तो साधारणपणे ५ पर्यंत असावा अशी अपेक्षा असते. केवळ आकडा वाचणारा दोघींना एकच उत्तर देईल: झडप अडली आहे.

आता बाकीची माहिती पाहू. पहिलीच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ११० आहेत आणि हिमोग्लोबिन ७ आहे. ठोके वाढले की आकुंचनाचा काळ थोडाच घटतो. मायट्रल झडपेतून रक्त उतरण्याचा विश्रांतीचा काळ मात्र निम्म्यावर येतो. तेवढेच, किंबहुना जास्त, रक्त निम्म्या वेळात उतरवायचे, तर वेग वाढणारच. तिच्या अहवालात आणखी दोन आकडे आहेत. दाब निम्म्यावर येण्याचा काळ १०० मिलिसेकंद आहे. तो १३० च्या आत असला की सहसा चिंता नसते. दुसरा आकडा हे एक गुणोत्तर आहे. झडपेतून जाणाऱ्या धारेच्या वेगाची काळानुसार बेरीज भागिले डाव्या जवनिकेच्या निर्गममार्गातील तशीच बेरीज. ते २.० आहे, आणि २.२ च्या आत असणे अपेक्षित असते. म्हणजे हिची झडप ठीक आहे. उपचार हवा तो रक्तक्षयावर.

दुसरीचे ठोके ७२ आहेत, रक्तक्षय नाही. दाब निम्म्यावर येण्याचा काळ २२० मिलिसेकंद आहे आणि गुणोत्तर ३ आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या इकोत तिचा दाबफरक ४ होता, ठोके ७२ च होते. म्हणजे हृदयाची गती तीच, आणि दाबफरक मात्र दुप्पट. ही झडप गुठळीने किंवा आत वाढलेल्या ऊतीने अडली असण्याचा संशय दाट आहे, आणि हिला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवणे आवश्यक आहे. आकडा दोघींचा ८ च होता. एकीला लोहाच्या गोळ्या लागतात, दुसरीचा जीव धोक्यात आहे.

वरच्या गुणोत्तराकडे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने थोडे थांबून पाहावे. त्याला एकक नाही. प्रवाह वाढला की अंश आणि छेद दोन्ही वाढतात, आणि गुणोत्तर जवळपास तिथेच राहते. प्रवाहाचा परिणाम असा आपोआप वजा होतो आणि उरते ती झडपेची बातमी. रेनॉल्ड्स अंकापासून अपवर्तनांकापर्यंत विज्ञानात एककरहित राशींना जो मान आहे, तो याच गुणामुळे. महाधमनीच्या जागच्या झडपेसाठी गुणोत्तर उलट मांडतात, निर्गममार्गातला वेग भागिले झडपेतला वेग. तेथे ०.३० किंवा अधिक असणे समाधानाचे मानतात, आणि ०.२५ च्या खाली गेले तर अडथळ्याचा संशय बळावतो. दुर्दैवाने घाईने लिहिलेल्या अहवालात सर्वांत आधी गळतो तो हाच आकडा.

झडपेच्या आकाराचा प्रश्नही असाच आहे. महाधमनीच्या जागी २१ मिलिमीटरची एखादी झडप बसवली आणि तिची प्रत्यक्ष उपयोगी पडणारी वाट १.३ चौरस सेंटिमीटर आहे असे समजा. १.४५ चौरस मीटर शरीरपृष्ठ असलेल्या किरकोळ बांध्याच्या स्त्रीला ती चौरस मीटरमागे ०.९० इतकी पुरते. १.९ चौरस मीटरच्या धिप्पाड पुरुषाला तीच ०.६८ पडते. ०.८५ च्या खाली झडप आणि शरीर यांचा मेळ बसलेला नाही असे मानतात, आणि ०.६५ च्या खाली ही विसंगती तीव्र समजतात. शाहबुद्दीन रहिमतुला यांनी १९७८ मध्ये या विसंगतीला नाव दिले. त्या पुरुषाच्या इकोत दाबफरक पहिल्या दिवसापासून जास्त असेल आणि पुढेही तसाच राहील. त्याची झडप बिघडलेली नाही. ती त्याला आखूड झालेल्या सदऱ्यासारखी आहे. हे पहिल्या इकोत नोंदलेले नसेल, तर पाच वर्षांनी ते पाहणाऱ्या नव्या डॉक्टरला सदरा आखूड आहे की फाटला आहे हे कळायचे कसे?

वाटेचे क्षेत्रफळ काढण्यातही एक मेख आहे. ते काढताना निर्गममार्गाचा व्यास मोजून त्याचा वर्ग करावा लागतो. व्यास २ सेंटिमीटरऐवजी १.८ मोजला गेला, म्हणजे पडद्यावर खूण दोन मिलिमीटर इकडची तिकडे झाली, तर क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी घटते आणि कागदावर झडप अरुंद होते. म्हणून पहिल्या वेळी मोजलेला व्यास लिहून ठेवावा आणि पुढच्या प्रत्येक तपासणीत त्याच्याशी पडताळा घ्यावा. निर्गममार्ग प्रौढ माणसात दर वर्षी बदलत नाही. बदलतो तो मोजणारा हात.

यांत्रिक झडपांच्या आणखी दोन खोडी आहेत. दोन अर्धगोल पाकळ्यांच्या झडपेत मधली फट अरुंद असते. तिच्यातून जाणारी धार आजूबाजूच्या धारांपेक्षा वेगवान असते, आणि पुढे गेल्यावर त्या वेगाचा काही भाग पुन्हा दाबात रूपांतरित होतो. डॉप्लर नेमकी ती सर्वांत वेगवान धार पकडतो, म्हणून दाबफरक प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो. दुसरे म्हणजे या झडपा मिटल्यावरही किंचित गळतात. त्या बारीक धारा रचनेतच ठेवलेल्या असतात, पाकळ्यांच्या सांध्यांपाशी रक्त साचून गोठू नये म्हणून. अहवालात ‘गळती’ एवढाच शब्द आला, तर रुग्णाची झोप उडते. गळती झडपेच्या कडेच्या आत आहे की शिवणीच्या बाहेरून आहे, हे लिहिले तरच त्या शब्दाला अर्थ येतो, कारण शिवणीबाहेरची गळती ही खरोखर काळजीची बाब आहे.

आणि जे दिसत नाही त्याचे काय? धातू व कार्बन ध्वनीला अडवतात, आणि त्यांच्यामागे छाया पडते. छातीवरून केलेल्या इकोत मायट्रल जागच्या यांत्रिक झडपेची छाया नेमकी डाव्या अलिंदावर पडते, आणि झडपेची गळती तर तेथेच शोधायची असते. ‘गळती दिसली नाही’ आणि ‘गळती नाही’ ही दोन वाक्ये येथे एकमेकांपासून फार दूर आहेत. म्हणून संशय असेल तेव्हा अन्ननलिकेतून नळी घालून मागच्या बाजूने इको करतात. धातूच्या किंवा कार्बनच्या पाकळ्यांची हालचाल क्ष-किरणांच्या चलच्चित्रातही पाहता येते. पण देशी झडपेची पॉलिएथिलीनची तबकडी क्ष-किरणांना पारदर्शक आहे. त्या चित्रात सांगाडा दिसतो, तबकडी नाही. म्हणजे जी झडप येथे सर्वसामान्यांना परवडते, तिच्याबाबत इकोवरची मदार अधिकच वाढते, आणि पहिल्या इकोच्या नोंदीची किंमतही.

या सगळ्याचा निष्कर्ष एकच निघतो. कृत्रिम झडपेसाठी ‘सर्वसामान्य आकडा’ हा दुय्यम मापदंड आहे. मुख्य मापदंड म्हणजे तोच रुग्ण, तीच झडप, पहिल्या वेळचे मोजमाप. अमेरिकेतील हृदयरोग संघटनांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा पहिला इको शस्त्रक्रियेनंतर साधारण ६ आठवडे ते ३ महिन्यांच्या दरम्यान करतात. तोवर जखम भरलेली असते, शस्त्रक्रियेनंतरचा रक्तक्षय ओसरलेला असतो, आणि हृदय नव्या व्यवस्थेला सरावलेले असते. रुग्णालयातून घरी सोडताना घाईने केलेला इको त्याची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही.

हे न झाल्याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. अडलेली झडप नजरेतून सुटली, तर रुग्ण फुप्फुसात पाणी भरून किंवा पक्षाघाताने कोसळू शकतो. आणि न अडलेली झडप अडली आहे असे समजले, तर गुठळी विरघळवणारे औषध विनाकारण दिले जाते, आणि त्याने मेंदूत रक्तस्राव होण्याची जोखीम असते. किंवा छाती पुन्हा उघडली जाते. झडपेवरील गुठळी हा या देशात अपवादाने घडणारा प्रकार नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, गुठळी विरघळवण्याच्या दोन पद्धतींची तुलना करण्यासाठी असे १२० रुग्ण होते. गोळ्या संपल्या, रक्ततपासणीचे केंद्र दूर, मजुरी बुडते, गर्भारपणात कोणी तरी औषध बंद करायला सांगितले, अशी साधी कारणे या गुठळ्यांच्या मुळाशी असतात.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की हृदयरोगतज्ज्ञांना हे सारे ठाऊक आहे. खरे आहे, वरचा प्रत्येक आकडा त्यांच्या पाठ्यपुस्तकात आहे. कमतरता ज्ञानाची नाही, नोंदीची आहे. गाझीपूरच्या डॉक्टरपुढे रुग्ण बसला असताना पहिला इको वाराणसीच्या फायलीत असेल, तर त्याचे ज्ञान निम्मे निकामी होते. दुसरा आक्षेप असा की सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे सर्व नोंदी आपोआप उपलब्ध होतील. व्हाव्यात, पण अंकीय संग्रहात जाऊन पडतो तो अहवाल. त्या अहवालातच हृदयाची गती, उंची, वजन आणि ते गुणोत्तर लिहिलेले नसेल, तर जाळ्यावरून वेगाने पोचते ती अपुरी माहितीच. तिसरी आशा कृत्रिम बुद्धिमत्तेची आहे. इकोची चित्रे वाचणाऱ्या प्रणाली येत आहेत आणि त्यांचे स्वागतच आहे. तथापि ज्या प्रणालीला मागचा इको दाखवलेलाच नाही, तिची अवस्था गाझीपूरच्या त्या डॉक्टरहून निराळी नसेल. फक्त तिचे उत्तर अधिक ठाम सुरात येईल.

उपाय अवघड नाही आणि महागही नाही. झडपेसोबत उत्पादक जे कार्ड देतात त्यावर प्रकार, आकार आणि क्रमांक असतो. त्याच्या जोडीला पहिल्या इकोचे एक पान रुग्णाच्या हाती द्यावे, इंग्रजीबरोबर त्याच्या भाषेत. त्यावर शस्त्रक्रियेची तारीख व झडपेची जागा, इकोची तारीख, त्या वेळची हृदयगती, रक्तदाब, उंची, वजन व हिमोग्लोबिन, सर्वोच्च वेग, सरासरी दाबफरक, गुणोत्तर, आणि मायट्रल असेल तर दाब निम्म्यावर येण्याचा काळ, निर्गममार्गाचा व्यास, गळती असल्यास तिची जागा, आणि आयएनआर कोणत्या मर्यादेत ठेवायचा तो आकडा. एवढ्या ओळी पुरेत. ते पान प्लास्टिकच्या आवरणात घालून आधारकार्डासोबत ठेवायला सांगावे, आणि मोबाइलमध्ये त्याचे छायाचित्र घरातल्या दोघांकडे तरी असावे. झडपेची किंमत सरकारी योजनेतून भरली जाते, तेथे योजनेच्या अंतिम देयकाला हे पान जोडणे बंधनकारक करावे. ज्या व्यवस्थेला झडपेचे पैसे देता येतात, तिला त्या झडपेचे पहिले मोजमापही मागता आले पाहिजे.

विद्यार्थ्यांचे आणि विज्ञानवाचकांचे यात काम आहे. घरात शिकलेले माणूस म्हणून नातेवाइकाचा अहवाल त्यांच्याच हातात येतो, आणि मग आकडा जाळ्यावर शोधून निर्णय देण्याचा मोह होतो. तो टाळावा. निर्णय देऊ नये, प्रश्न विचारावेत. झडप कोणती आणि किती आकाराची? इकोच्या वेळी ठोके किती होते? रक्तक्षय, ताप किंवा गर्भारपण आहे का? मागचा इको कोठे आहे? हे चार प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांकडे नेले, तर तपासणीचा अर्थ लागायला प्रत्यक्ष मदत होते. मात्र दम नव्याने लागू लागला, यांत्रिक झडपेचा टकटक आवाज दबला किंवा बंद झाला, बोलणे अडखळले, चेहरा वाकडा झाला किंवा हातापायातली शक्ती गेली, तर प्रश्नही विचारत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे. आणि अहवालातला आकडा चांगला आला म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी कोणीही स्वतःच्या मनाने बंद करू नये.

चौथे प्रारूप टिकण्याआधी तीन प्रारूपे टाकून देणाऱ्यांनी प्रत्येक चाचणीची नोंद मागच्या चाचणीशेजारी ठेवली होती, म्हणूनच काय बिघडले ते त्यांना कळले. प्रयोगशाळेत ही शिस्त आपण गृहीत धरतो. संदर्भाशिवाय दिलेले मोजमाप तेथे कोणी स्वीकारत नाही. सासारामच्या स्त्रीच्या छातीतली झडप प्रयोगशाळेतल्या झडपेहून कमी मोलाची नाही. तिच्याही मोजमापाला तीच शिस्त लाभली पाहिजे, आणि त्याची सुरुवात एका पानाने होऊ शकते.